शमीमच्या तोंडची जपानी गोष्ट

शमे, तू गेलीस म्हणून मी रडणार आहेच, त्याला पुढे सगळं आयुष्य पडलंय. आधी आपलं भांडण पुरं करू. तू ते अर्धं सोडून गेलीस.

माझ्या पोटात दुखतंय. डॉक्टरकडे जाण्यासारखं नाही, तू ओळखायचीस तसलं. शाळेत आपल्या बाकावर तुझ्या पलीकडे दुसरी कोणी येऊन बसली, की तू माझ्याकडे वळून हळूच विचारायचीस, "मंगले, पोटात दुखतंय ना तुझ्या?" आणि मी नाही म्हणायची. आज विचारलंस तर व्हय म्हणेन. पन्नाशी उलटली, गुडघे गेले, चष्मा लागला, पण ती खोड काही गेली नाही.

रोह्याच्या शाळेत पाचवी ते दहावी आपण एका बाकावर काढली. मग मला पेणला दिली आणि तू नदीपलीकडच्या तुमच्या अष्टमी गावातच, माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडे गेलीस. मी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला लागले. तू आखातात नोकरीला गेलेल्या नवऱ्याची, इकबालभाईंची वाट बघायला लागलीस. आपल्या दोघींचे हे धंदे कायमचे झाले.

गुरुवारी कारखाना बंद. घरचं आवरून मी रोह्याची एसटी पकडायची, कुंडलिकेचा पूल चालत ओलांडून अष्टमीत यायची. आई होती तोवर आईचं निमित्त होतं. ती गेल्यावर आमच्या यांनी विचारलं, "आता रोह्याला कशाला?" मी म्हटलं, "जपानी मालिका बघायला." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय, म्हणून हसून सोडून दिलं. खरं बोलून सुटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

त्या मालिकेचा डबा इकबालभाईंनीच कुठल्याशा सुटीत आणलेला. तिकडच्या एका दुकानात जुन्या डीव्हीडी काढून टाकत होते, त्यातला एक उचलला. त्यांना वाटलं कराटेचं काहीतरी असेल. निघाली प्रेमाची मालिका, अकरा भागांची, तीही जुनी. फोन भिंतीला टांगलेले, बायकांच्या कोटांचे खांदे हे एवढे रुंद, आणि सदा न कदा बर्फ. डबा तुझ्या कपाटात पडून राहिला होता. एका गुरुवारी लाईट होती, पाहुणे नव्हते, तू लावलास.

पडद्यावर खाली अरबी अक्षरं यायला लागली. मला जपानी येत नाही, अरबीही येत नाही. मी म्हटलं, "बंद कर गो, काय कळतंय यात?" तू भिंतीला टेकून बसलीस, अक्षरांवर डोळे लावलेस, ओठ हलवलेस आणि सरळ मराठीत सांगायलाच लागलीस. "ती बोलते, आज बर्फ लई हाय, तुमी कसे आलात? तो बोलतो, चालत." मी थक्क. पण मग मला आठवलं, लहानपणी तू मौलवीसाहेबांकडे शिकायला जायचीस, मी बाहेर ओट्यावर तुझी वाट बघत बसायचे आणि आतून तुम्हा पोरींचा एका सुरात वाचल्याचा आवाज यायचा. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की शमीला अरबी येतं. थोडा हेवाही होता त्याचा. मला मेलं एक इंग्रजीसुद्धा धड आलं नाही.

अकरा भागांना आपल्याला दीड वर्ष लागलं, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. पण तू एक वाक्य सांगायचीस आणि मी त्यावर चार वाक्यं बोलायची. मध्येच भाकऱ्या, मध्येच तुझी नमाज, मध्येच शेजारीण. आणि दर गुरुवारी मागचं अर्धं पुन्हा लावायचं, कारण मी विसरलेली असायची. नियम एकच होता, आणि तो मी घातलेला. एकीने दुसरीशिवाय पुढचं बघायचं नाही. तू म्हणाली होतीस, "व्हय गो बाय, शप्पथ घालू नको फक्त." का नको म्हणालीस ते आता कळतंय.

गोष्ट मला तोंडपाठ आहे. हारुको भांड्यांच्या दुकानात कामाला. केन्जी तिचा लाडका. करड्या कोटातला तो उंच माणूस म्हणजे हारुकोचा बाप, त्याला हे लग्न पसंत नाही. म्हणून केन्जी बोटीवर कामाला जातो, लांबच्या देशात, नाव कमवून यायला. जातो, येतो, पुन्हा जातो. प्रत्येक वेळी ती दारात उभी, हा बॅग उचलतो, वळून बघतो, दार लागतं. आपण दोघी पदराने डोळे पुसायचो. तुझा ओढणीचा पदर, माझा साडीचा.

आणि ती बोलायची काय, शमे! एकदा ती फोनवर त्याला म्हणाली, "तू येतोस तेव्हा पाहुणा असतोस. पाहुण्याला रागावता येत नाय. माझा राग साठून राहिला हाय, तो मी कोनाला देऊ?" एकदा म्हणाली, "पहिला आठवडा ओळख करून घेन्यात जातो नि शेवटचा बॅग भरन्यात. मधले दिवस लोकं भेटायला येतात. मी तुला कधी भेटू?" मी हातातला चहा खाली ठेवला होता. म्हटलं, "हे जपानी अगदी आपल्यासारखंच बोलतात गो." तू टीव्हीकडेच बघत म्हणालीस, "मानसंच ती."

मला तर हारुकोचाही हेवा वाटायचा. इतकं सुंदर बोलणं मला कधी सुचलं नाही. माझा नवरा रोज शिफ्ट करून घरी येतो, रोज माझं नि त्याचं वाजतं, आणि भांडणात मला 'तुम्ही नेहमी असंच करता' याच्या पुढे शब्द सापडत नाहीत. मी कुरकुर केली की तू म्हणायचीस, "रोज भांडायला मिलतं तुला, मंगले. नशीब काढलंस." मला तेव्हा ते थट्टेचं वाटायचं.

आता भांडणाकडे येते. आषाढात कारखान्यात डोळ्यांचं काम तुंबलं. रंगाऱ्यांचे रंगाचे हात देऊन झाले की सगळ्या मूर्ती माझ्यासमोर येऊन बसतात, आंधळ्या, आणि डोळे आखल्याशिवाय एकही हलत नाही. शेठ म्हणाले, गुरुवारची सुटी विसरा. चार गुरुवार गेले. दहा भाग झाले होते, अकरावा राहिला होता. ब्रश हातात धरून मी हारुकोचाच विचार करायची. केन्जी येईल की नाही, बाप मानेल की नाही. पाचव्या गुरुवारी अर्धी रजा मागून, तुझ्या आवडीचे उकडीचे मोदक डब्यात घेऊन धावत आले.

तू म्हणालीस, "ती सीडी खराब झाली गो."

माझ्याकडे न बघता म्हणालीस. एवढ्यात तुझी नणंद रुकसाना आतून आली. कुवेतला बारा वर्षं राहून ती नवऱ्याबरोबर जेठाच्या शेवटी कायमची परत आली होती, हे मला तू फोनवर सांगितलं होतंस. ती मोदकाचा डबा माझ्या हातातून घेत सहज म्हणाली, "मंगलताई, काय रडलो मी नि भाभी शेवटाला! बापरे!" मग तिने तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि डबा घेऊन आत वळली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दीड वर्ष मी एसटीचे धक्के खात येते, आणि शेवट कोणाबरोबर? जी काल परत आली तिच्याबरोबर! मी नको नको ते बोलले. "तुला चार गुरुवार थांबवलं नाय? नणंद आली तर मी परकी झाले काय?" तू म्हणालीस, "तसं नाय गो, मंगले, बस, तुला सांगते." मी बसले नाही. चहा गॅसवर होता, तो उतू जाताना मी बघितला आणि तशीच निघाले. पुलावर येईपर्यंत मला वाटत होतं तू मागून हाक मारशील. तुला चालवत नव्हतं, जिना उतरताना तुला धाप लागायची, हे मला ठाऊक होतं. तरी वाटत होतं.

श्रावणात तू दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा माझे हात रंगाचे होते, हे खरं आहे. पण हात धुता येतात, हेही खरं आहे. मी मनात ठरवलं होतं, गणपती होऊन जाऊ देत, मग जाईन, थोडी फुगून बसेन, ती दोनदा समजूत काढेल, मग बोलेन. एवढा सगळा हिशेब माझा. गणपती गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रुकसानाचा फोन आला. "भाभी गेली ताई. झोपेतच. छातीत काय झालं कललंच नाय कोनाला."

मी आले तेव्हा तुझा चेहरा उघडा होता. माझं आयुष्य चेहऱ्यांत गेलंय, पण मिटलेले डोळे मी कधी आखले नाहीत.  बायका कुराण वाचत होत्या, रुकसाना तुझ्या उशाशी बसली होती, आणि शमे, तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं, की उशाशी ही का? देवा, मी काय बाई आहे!

त्यानंतर काल पुन्हा गेले. तुमच्यात तिसरा दिवस असतो आणि चाळिसावा असतो, मला ठाऊक आहे. पण माझं मन माझ्याच चालीरीतीने चालतं, बारावा दिवस आला तसं मला पेणला बसवेना. रुकसानाने दार उघडलं आणि गोंधळली. "आज आमच्यात काय नसतं ताई." मी म्हटलं, "आमच्यात असतं. मी माझी आले." तिने आत घेतलं.

बाहेरच्या खोलीत इकबालभाई बसले होते. मिट्टीला, तुझ्या दफनाला, पोचलेच नाहीत ते, तिसऱ्या दिवशी आले. पाठ ताठ ठेवून खुर्चीच्या टोकावर बसलेले, आपल्याच घरात. मला म्हणाले, "बसा, चहा घ्या," आणि चहा कुठे असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी आत गेले.

रुकसानाने दार पुढे लोटलं आणि म्हणाली, "तुला एक सांगायचं हाय. रागावू नको. भाभीला अरबी येत नव्हतं."

मी म्हटलं, "काहीतरीच काय? दीड वर्ष वाचून दाखवत होती ती."

"ओठ हलवायची. अक्षरं आमाला सगल्यांना येतात गो, लहानपणी कुराण वाचायला शिकवतात. पन अर्थ नाय येत. नि टीव्हीवरच्या अक्षरांना वर-खाली खुना पन नसतात, त्या नसल्या की नुसतं वाचायला पन जमत नाय. मी बारा वर्सं तिथं काढली तेव्हा कुठं मला समजायला लागलं."

मग तिने सगळं सांगितलं. आषाढ लागल्यावर एका बुधवारी तू एकटीच टीव्ही लावून बसली होतीस. दर बुधवारी बसायचीस म्हणे. दुसऱ्या दिवशी मला काय सांगायचं ते आदल्या दिवशी ठरवायचीस, तोंडातल्या तोंडात बोलून बघायचीस. म्हणजे तो नियम तू पहिल्या आठवड्यापासून मोडत होतीस, आणि तो माझ्यासाठी मोडत होतीस. रुकसाना येऊन शेजारी बसली. करड्या कोटवाला काहीतरी बोलला तशी ती म्हणाली, "डॉक्टर चांगला हाय गो, भाभी." तू म्हणालीस, "कोन डॉक्टर? तो हारुकोचा बाप."

केन्जी कुठे बोटीबिटीवर जात नव्हता, शमे. आजारी होता. बॅग भरून तो हॉस्पिटलात जायचा, बरा होऊन यायचा, पुन्हा जायचा. पण अष्टमीत पुरुष बॅग उचलतो आणि बाई दारात रडते, याचा अर्थ एकच असतो. तुला दुसरा कुठून सुचणार? आणि मी! लोक म्हणतात मंगलने डोळा आखला की मूर्ती बघायला लागते. दीड वर्ष त्या माणसाचा चेहरा ओढत चाललेला मी बघत होते, आणि मला तो आजारी दिसला नाही. शेजारी तुला धाप लागत होती, तीही कुठे दिसली!

रुकसाना सांगत होती, "दोन दिवस भाभीनं टीव्ही लावला नाय. मग सगलं विचारून घेतलं माझ्याकडनं, अगदी शेवटापरेंत. रडलो दोघी. मग बोलली, मंगलला काय बोलू नको. तिच्या गोष्टीला हा शेवट बसत नाय. तिच्यासाठी वेगला जुलवते, जुलला की बोलावते. मागनं एकदा बोलली, जुलला. तुला फोन पन केला तिनं."

दोन फोन केलेस तू, शमे.

माझ्या तोंडून निघालं ते मात्र भलतंच. मी विचारलं, "तुला सांगितला का तिनं, तो जुळवलेला शेवट?" आणि श्वास धरून बसले.

"नाय. मी लई मागं लागले. बोलली, तो मंगलचा हाय."

खोटं नाही बोलत, त्या क्षणी मला आधी आनंद झाला. तुझ्या घरात, तुझ्याच गादीवर बसून, तू जाऊन बारा दिवस झालेले असताना मला चक्क आनंद झाला, की हिला नाही मिळाला. नंतर मी रडले. रुकसानाला वाटलं एकाच गोष्टीसाठी रडतेय.

तिने मला पाणी दिलं. विचारलं, "खरा शेवट सांगू तुला?" मी मान हलवली, नको. मग ती थोडी पुढे सरकली. "मग तू मला भाभीची गोष्ट सांग ना, ताई. ती तुला सांगायची ती. मी विचारलं की हसायची नि उठून जायची. मी बारा वर्सं लांब होते, आले नि तीन म्हयन्यांत ही गेली. माझ्याजवल तिचं काय नाय गो."

बाहेर इकबालभाई खोकले. हारुकोची सगळी वाक्यं माझ्या ओठांशी आली. राग कोणाला देऊ, तुला कधी भेटू. दीड वर्ष मी ती एका जपानी बाईची समजत होते. तुझं सगळं आयुष्य तू माझ्या शेजारी बसून मला सांगितलंस, आणि मी तुझ्याकडे न बघता टीव्हीकडे बघून रडले.

मी रुकसानाला म्हटलं, "नाय सांगणार."

ती उठली. मला खाऊ घातलं, तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण, आणि पुलापर्यंत सोडायला आली. भली बाई आहे. तुझ्यापेक्षा कालवण चांगलं करते, हेही सांगून टाकते. तू जिवंत असतीस तर हे मी मेले तरी बोलले नसते.

एसटीत बसल्यावर मी स्वतःची समजूत काढली. म्हटलं, बरोबर केलंस. इकबालभाई बाहेर बसलेले, ही त्यांची सख्खी बहीण, तिच्यापुढे शमीचं मन कसं उघडायचं? मैत्रिणीचं गुपित राखलंस. ऐकायला किती छान वाटतं! पण हे मला वाटेत नागोठणं आल्यावर सुचलं. अष्टमीत मी नाही म्हटलं ते निव्वळ जळफळाटाने. तुझ्यापाशी आता खोटं कशाला बोलू?

रुकसानाजवळ सगळी मालिका आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खरीखुरी. माझ्याजवळ दहाच भाग आहेत आणि तेही तू रचलेले. अदलाबदल करतेस का असं कोणी विचारलं तर मी दारातूनच हाकलून देईन. तुझी हारुको मी कोणाला देणार नाही. मत्सरी म्हण, कोत्या मनाची म्हण, सगळं ऐकून घेते.

फक्त तो शेवट, शमे. तू तो तिला सांगायला हवा होतास. मी त्यावर महिनाभर तुझ्याशी बोलले नसते, तिचं तोंड बघितलं नसतं, आणि काल तिच्या पाया पडून तो ऐकला असता.